आपल्याच गोलकीपरची हुर्यो

(सोसायटीचा ग्रुप, सांगली. रविवार, रात्री ९:४० नंतर)

वहिनी (सी-२०४): लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवेना. आज टर्फवर आमच्या पोराच्या दोन पायांतून बॉल गेला आणि तिसरा गोल झाला. मान्य. पण 'बाहेर काढा त्याला' हे समोरच्या सोसायटीकडून नाही आलं, आपल्याच खुर्च्यांवरून आलं. हुर्यो पण आपलीच. आल्यापासून ग्लोव्हज बाथरूमच्या बादलीत पडलेत. अर्धी पोळी खाऊन झोपलाय. तेरा वर्षांचा आहे तो.

सेक्रेटरी (ए-४०१): सर्वांना कळविण्यात येते की उद्या टाकी धुणार असल्याने पाणी फक्त सकाळी ६ ते ७ येईल.

ताई (ए-३०३): साहेब, जरा वरचं वाचा की आधी.

सेक्रेटरी (ए-४०१): सॉरी. आधीच टाईप करून ठेवलं होतं.

दादा (बी-३०१): वहिनी, तुम्ही नाव घेतलं नाही, पण ओरडणारा मीच. लपवत नाही. जोशात निघालं तोंडातून. पण एक सांगतो, फुटबॉलमध्ये हे चालतंच. आपली टीम म्हणूनच माणूस ओरडतो, परक्याला कोण कशाला ओरडतंय? आणि आपण वर्गणी काढून टर्फ घेतला होता.

सेक्रेटरी (ए-४०१): दादा, तुमचे २०० रुपये अजून यायचेत.

पिंट्या (बी-४०२): 😂😂

पिंट्या (बी-४०२): पण दादाचं बरोबर आहे ओ. मेस्सीला सोडलं नाही लोकांनी. मार्च २०२२, पॅरिस, तेव्हा तो तिथल्या पीएसजी क्लबात होता. चॅम्पियन्स लीगमधून, म्हणजे युरोपच्या क्लबांच्या स्पर्धेतून, पीएसजीला रेआल माद्रिदनं बाहेर काढलं आणि पुढच्याच घरच्या मॅचला, बोर्दोविरुद्ध, मेस्सी आणि नेमारच्या पायाला बॉल लागला की सगळं स्टेडियम शिट्ट्या मारायचं. मॅच ३-० जिंकली. नेमारनं गोल मारला, त्याच्यावर पण शिट्ट्या.

नाना (ए-१०२): शिट्ट्या म्हणजे वाईट का रे? आमच्या वेळी बोर्डावर बाई आली की शिट्ट्या पडायच्या, ती खूश व्हायची.

पिंट्या (बी-४०२): नाना, तिकडं उलटं असतंय. स्पेन, फ्रान्स, इटलीत शिट्टी म्हणजे शिवीच. स्पेनमध्ये लईच भडकले की पांढरे रुमाल हलवतात.

नाना (ए-१०२): रुमाल बरा. आवाज तरी नाही.

वहिनी (सी-२०४): मेस्सीला महिन्याला किती मिळतात आणि आमच्याला काय मिळतं? ग्लुकोजची दोन बिस्किटं.

ताई (ए-३०३): 👆 हे बोला आता.

ताई (ए-३०३): आणि फुटबॉललाच कशाला नावं ठेवायची. आपल्या वानखेडेवर मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या टेस्टमध्ये सचिन १ रनवर आऊट झाला तेव्हा स्टँडमधून हुर्यो आली होती. सचिनला! मुंबईत! मी तेव्हा कॉलेजात होते, टीव्हीसमोर बसून रडले होते. हार्दिकचं तर कालपरवाचं आहे. २०२४ च्या आयपीएलला रोहितच्या जागी कॅप्टन केला म्हणून वानखेडेवर टॉसला नुसतं नाव घेतलं तरी गोंधळ. शेवटी मांजरेकरांना माईकवरून लोकांना सांगावं लागलं, नीट वागा. जूनमध्ये त्यानंच वर्ल्डकप फायनलची शेवटची ओव्हर टाकली, १६ रन वाचवायचे होते, वाचवले. जुलैत मिरवणूक त्याच वानखेडेवर आणि घोषणा 'हार्दिक, हार्दिक'. खुर्च्या त्याच, घसे तेच.

दादा (बी-३०१): म्हणजे लोक माफ पण करतात ना ताई.

ताई (ए-३०३): वर्ल्डकप आणला की करतात. गेला असता तर?

मामा (बी-१०२): मी जरा मोठं लिहितो, चष्मा लावलाय. माझं लहानपण कोल्हापुरात पेठेत गेलं हे सगळ्यांना माहीत आहे. तिकडं फुटबॉल म्हणजे तालीम, तालीम म्हणजे घर. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी गल्ली दुपारीच रिकामी. कुठल्या तालमीकडून खेळायचो ते सांगत नाही, उगं वाद नको. एकोणीस वर्षांचा असताना मोकळ्या गोलसमोर बॉल वर मारला. हरलो. त्यानंतर जी हुर्यो झाली त्यात एक आवाज ओळखीचा होता, माझ्या सख्ख्या चुलत्याचा. समोरच्या पेठेनं काय शिव्या दिल्या त्यातलं आज काही आठवत नाही. काकाचा आवाज आठवतो.

मामा (बी-१०२): खरी गंमत पुढच्या मॅचला. बॉल माझ्याकडं आला की मी सरळ लाईनच्या बाहेर मारायचो. थ्रो तर थ्रो, पण चूक माझ्या नावावर नको. नंतर नंतर तर मी डिफेंडरच्या मागं जाऊनच उभा राहायचो, म्हणजे मला पास देताच येऊ नये. बघणाऱ्याला वाटतं पोरगं आळशी झालं. आळशी नसतंय ते, लपलेलं असतंय. हुर्यो केल्यानं सुधारलेला प्लेअर मी अजून बघितला नाही. लपलेले लई बघितले.

डॉक्टर (सी-१०१): मामा, अगदी हेच बार्सिलोनाच्या आंद्रे गोमेझनं २०१८ मध्ये मुलाखतीत सांगितलं होतं. मैदानात उतरणं नरकासारखं झालंय आणि घराबाहेर पडायची लाज वाटते म्हणाला. आदल्या क्लबात चांगला खेळणारा माणूस. त्यानं हे बोलून दाखवल्यावर पुढच्या मॅचला त्याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

पिंट्या (बी-४०२): गोलकीपरचं तर आणखी अवघड. बाकीच्यांना लपायला मैदान असतंय, त्याला तेवढा चौकोन. कासियास बघा. नवव्या वर्षी माद्रिदच्या पोरांच्या टीममध्ये आला, स्पेनला २०१० चा वर्ल्डकप कॅप्टन म्हणून जिंकून दिला, आणि शेवटच्या सीझनला घरच्याच मैदानावर त्याच्यावर शिट्ट्या. २०१५ ला पोर्तोला गेला. निरोपाच्या पत्रकार परिषदेत एकटा बसला होता, रडायला लागला.

वहिनी (सी-२०४): अरे बापरे. हे त्याला सांगू का नको?

ताई (ए-३०३): वर्ल्डकपपर्यंतचं सांगा.

नाना (ए-१०२): मी फुटबॉलमधलं काही सांगत नाही, मला त्यातलं कळत नाही. पण आखाड्याचं सांगतो. मारुती मानेंचा हा जिल्हा, कुस्ती बघतच म्हातारा झालो. आखाड्यात हुर्यो होत नाही का? होते. दणकून होते. पण कधी, तर नुरा कुस्ती असली की. दोघं पैलवान आतून ठरवून नुसते खांद्याला खांदा लावून उभे राहिले की पब्लिक उठतं, 'नुरा हाय, सोडवा!' म्हणून दंगा करतं. अन् खरोखर लढून चीतपट झालेल्याला? त्याच्या हातावर बक्षीस ठेवतात. हरला तो डाव चुकला म्हणून हरला, त्यात हुर्यो कसली? आता सांगा, पोरगं आज नुरा खेळत होतं का?

दादा (बी-३०१): नाही नाना. त्याआधी पाच बॉल अडवले होते त्यानं.

नाना (ए-१०२): मग झालं की.

वहिनी (सी-२०४): सहा. मी मोजत होते.

डॉक्टर (सी-१०१): नाना, तुमची कसोटी लावली तर जगातली निम्मी हुर्यो बाद होईल. इंग्लंडचा डिफेंडर ॲशली कोल, २००८, वेम्बलीवर कझाकस्तानविरुद्ध. एक चुकीचा बॅकपास, त्यावर गोल, आणि पुढं मॅच संपेपर्यंत इंग्लंडचेच लोक त्याच्यावर. निकाल ५-१, इंग्लंड जिंकलेलं! काही वेळा तर खेळाशी संबंधच नसतो. जर्मनीच्या गुंडोगाननं तुर्कस्तानच्या अध्यक्षांबरोबर फोटो काढला म्हणून २०१८ च्या वर्ल्डकपआधी लेव्हरकुसेनच्या मॅचला त्याच्याच देशाचे लोक

सेक्रेटरी (ए-४०१): डॉक्टर, राजकारण नको. ग्रुपचा नियम क्र. ३.

डॉक्टर (सी-१०१): जर्मनीचं राजकारण पण नको?

सेक्रेटरी (ए-४०१): कुठलंच नको.

दादा (बी-३०१): थांबा, आता मलाच लिहायचंय. मी आर्सेनलचा फॅन, इंग्लंडचा क्लब. पुण्यात असल्यापासून रात्र रात्र जागून बघतोय. २०१९ चा ऑक्टोबर, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मॅच. आम्ही २-० पुढं, मग २-२. कॅप्टन झाकाला बाहेर काढला तर तो हळूहळू चालत निघाला. सगळं स्टेडियम हुर्यो. त्यानं कानाला हात लावून 'अजून करा' केलं, जर्सी काढली आणि सरळ आत गेला. मी इथं बी-३०१ मध्ये सोफ्यावर उभा राहून टीव्हीला शिव्या देत होतो, घरचे उठून आले. कॅप्टनपद काढलं त्याचं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दादा (बी-३०१): मग तो गेला नाही. नव्या कोचनं थांबवला. २०२३ च्या मेमध्ये शेवटची मॅच, वुल्व्जविरुद्ध, ५-० जिंकलो. पहिल्या पंधरा मिनिटांत झाकाचे दोन गोल आणि लोक गाणं म्हणायला लागले, तू जाऊ नकोस म्हणून. मी पण म्हणत होतो. सोफा तोच. पुढच्या वर्षी जर्मनीत लेव्हरकुसेनला जाऊन एकही लीग मॅच न हरता चॅम्पियन.

पिंट्या (बी-४०२): दादा, तो हुर्यो झालेला प्लेअर एबुए पण आर्सेनलचाच ना?

दादा (बी-३०१): आमचाच. २००८, विगनविरुद्ध. दुखापतीतनं उठून आलेला, बदली म्हणून उतरला, जागा पण त्याची नव्हती. गोंधळला. लोकांनी एवढं केलं की त्याला परत बाहेर काढावं लागलं. १-० जिंकलो होतो. तेव्हा मी नवीन होतो, मला वाटलं फॅन असंच करतात, आपण पण करायचं. तिथनंच शिकलो असणार.

मामा (बी-१०२): आपल्याकडं उलटंच दुखणं. २०१८ ला मुंबईत भारताच्या फुटबॉल कॅप्टन छेत्रीनं हॅटट्रिक मारली, भारत ५-० जिंकला आणि बघायला आले २,५६९ लोक. बिचाऱ्यानं व्हिडिओ टाकून हात जोडले, टीका करा, शिव्या द्या, पण स्टेडियमवर येऊन द्या. पुढची मॅच फुल्ल.

ताई (ए-३०३): म्हणजे दादाला शिव्या द्यायची परवानगी छेत्रीनं दिलीय असं म्हणायचंय का मामा?

मामा (बी-१०२): छेत्रीला द्या म्हटलाय ओ. सी-२०४ ला नाही.

दादा (बी-३०१): वहिनी, चुकलं. उद्या येऊन त्याच्याशी बोलतो.

वहिनी (सी-२०४): येऊन मोठं भाषण देऊ नका, त्याला अवघडल्यासारखं होईल. अन् झोपला नाहीये तो. माझ्या मागं उभा राहून सगळं वाचतोय. मघापासून फोन मागतोय.

वहिनी (सी-२०४): काका मी बोलतोय. तो बॉल पायातून गेला कारण समोर उन्ह होतं. उद्या संध्याकाळी तुम्ही गोलमध्ये उभं राहा. मी दहा मारतो. किती अडवताय बघू

पिंट्या (बी-४०२): 🔥🔥🔥 मी येणार बघायला

नाना (ए-१०२): मी खुर्ची घेऊन येतो.

दादा (बी-३०१): साडेसहा. खाली पार्किंगमध्ये. ग्लोव्हज आण, माझ्याकडं नाहीत.

वहिनी (सी-२०४): ओले आहेत काका

सेक्रेटरी (ए-४०१): पार्किंगमध्ये बॉल खेळण्यास मनाई आहे, बोर्ड लावलाय. मागच्या मोकळ्या जागेत खेळा. आणि पाणी सकाळी ६ ते ७, ग्लोव्हज धुवायचे तर तेव्हाच धुवा.