रोबोच्या मोटारी आणि रास्पबेरी पाय: बॅटरी एक की दोन?

धागाकर्ता:
छोट्या चाकांच्या रोबोत मोटारींना आणि रास्पबेरी पाय ४ला (रोबो चालवणारा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) स्वतंत्र बॅटऱ्या असाव्यात, असे माझे ठाम मत आहे. थांबलेली मोटार सुरू होताना किंवा चाक अडकल्यावर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्या क्षणी बॅटरीचे व्होल्टेज खचते, पायला मिळणारे ५ व्होल्ट सुमारे ४.६३च्या खाली गेले की इशारा येतो, आणि त्याहून घसरले तर पाय बंद पडून एसडी कार्डवरील फाइलीही बिघडू शकतात.

प्रतिसाद १:
असहमत. दोष एका बॅटरीचा नसून मधल्या वीजपुरवठ्याचा आहे. अनेक जण एल२९८एन या मोटार चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या पट्टीवरूनच पायला ५ व्होल्ट देतात. पण त्या पट्टीवरील रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) जेमतेम अर्धा अँपिअर पेलतो, तर पाय ४साठी ३ अँपिअरचा अडॅप्टर सुचवलेला असतो. दोन १८६५० लिथियम सेल एकसर जोडल्यास पूर्ण चार्जवर ८.४ व्होल्ट मिळतात. मोटारींना ते ड्रायव्हरमार्फत आणि पायला ५ अँपिअरच्या बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज कमी करून देणारे मॉड्यूल) द्यावे, म्हणजे बॅटरी क्षणभर साडेसहा व्होल्टपर्यंत खाली आली तरी पायला ५ व्होल्ट मिळत राहतात. दुसरी बॅटरी म्हणजे उगाच वजन आणि चार्जिंगची दुप्पट कटकट.

धागाकर्ता:
बक कन्व्हर्टरवर छापलेले ५ अँपिअर बंदिस्त डब्यात, पंख्याविना, तासभर टिकतात का? स्वस्त मॉड्यूलवरील आकड्यांवर माझा विश्वास नाही. शिवाय ब्रशच्या मोटारींचा विद्युत गोंगाट वेगळ्या बॅटरीमुळे पायपर्यंत पोहोचतच नाही.

प्रतिसाद १:
आकड्यांबाबतची शंका रास्त आहे, म्हणूनच मी गरजेपेक्षा मोठा कन्व्हर्टर सुचवला. गोंगाटाचा मुद्दा मात्र पटत नाही. पायचे संकेत ड्रायव्हरला कळण्यासाठी दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोक) जोडावेच लागते, त्यामुळे ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशाने संकेत पोहोचवणारा भाग) नसेल तर दोन बॅटऱ्या घेऊनही गोंगाटाची वाट उघडीच राहते. त्यावर उपाय म्हणजे मोटारीच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर.

प्रतिसाद २:
बॅटऱ्यांच्या संख्येवर एवढे बोलणे झाले, फ्यूजचे नाव कोणीच काढले नाही! लिथियम सेल शॉर्ट झाला तर तारा वितळण्याइतका प्रवाह सोडू शकतो, म्हणून प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा. कन्व्हर्टरचा स्क्रू फिरवून ५.१ व्होल्ट मल्टिमीटरवर दिसल्याशिवाय पाय जोडू नये, विशेषतः जीपीआयओच्या (पायवरील जोडणीच्या पिनांच्या रांगेतील) ५ व्होल्ट पिनवर, कारण चुकीचे व्होल्टेज किंवा उलटी जोडणी तिथे थेट बोर्डावर जाते.