‘गावची हवा कायम शुद्ध’ म्हणणाऱ्यांनी डिसेंबरात आमच्याकडे मुक्कामाला यावं

मांजराकाठचा:
काल एकाने लिहिलं, “शहरातल्या धुराला कंटाळलात तर मराठवाड्यातल्या कुठल्याही खेड्यात या, हवा कायम शुद्ध.” ‘कुठल्याही’ आणि ‘कायम’, या दोन शब्दांनी डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

आमचं गाव मांजरा नदीकाठी, खोलगटात. दिवाळीनंतर आभाळ निरभ्र असतं, रात्री जमीन भराभर निवते. गार हवा जड, ती उताराने खाली येऊन गावावर साचते आणि वरची ऊबदार हवा झाकणासारखी बसते. नेमकं तेव्हाच घरोघर पाणी तापवायला चुली पेटतात आणि शिवारात पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला. धूर पत्र्याच्या वर दोन पुरुष उंच जातो आणि आडवा पसरतो, ऊन चढेपर्यंत हलत नाही. मे महिन्यात चुली त्याच असतात, पण तापलेली हवा धूर पार वर उचलून नेते.

आईला दमा आहे. मागच्या हिवाळ्यात ती बहिणीकडे अंबाजोगाईला, वर पठारावर राहिली. दम्याचा पंप ओढणं निम्म्यावर आलं. गोळ्या त्याच होत्या.

काळी माती:
काय बोलायलाव? ती धुई आहे, धुकं, धूर नाही. माझा जन्म गेला इथं. धुई पडली की तुरीचा फुलोरा गळतो, हे आजोबापासून ऐकतोय. तेव्हा कुणी हवा खराब म्हणत नव्हतं. गावाची बदनामी करून काय मिळतं?

मांजराकाठचा:
धुईने घसा खवखवत नाही, काका. दोरीवर वाळत घातलेला पांढरा गमछा सकाळी बघा. उसाच्या पानाच्या काळ्या, पापडासारख्या चिंधोट्या पडलेल्या असतात. बोटाने दाबली की रेघ उमटते. धुई असली तरी तिच्यात हे मिसळलेलं असतं.

शिवारातली:
मुळात मांजरेच्या खोऱ्यात एवढा ऊस कशाला, ते आधी बोला. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, विसरलात? पाणीही तुम्हीच पिता आणि धूरही आम्हालाच देता.

काळी माती:
आला ऊस! सोयाबीनला भाव द्या, उद्या ऊस मोडतो. ऊस हे एकच पीक आहे, ज्याला गिऱ्हाईक ठरलेलं. ऊस तोडायला टोळी मिळत नाही, मिळाली तर पाचटात शिरायला तयार नाही. पेटवून तोडला तर कारखान्याची जळिताची कपात माझ्या बिलातून. हौस आहे का आम्हाला?

शिवारातली:
टोळीतली माणसं आमच्या बीडचीच आहेत. माझे आई-वडील बारा वर्षं कोयत्यावर होते. जळक्या उसाची काजळी आईच्या नखातून गावी परत आल्यावरही महिनाभर निघत नव्हती. कपातीचं दुःख सांगताना ती काजळी छातीत घेणाऱ्यांचंही सांगा.

काळी माती:
तुमच्या आईबद्दल मी काही बोललो नाही. बोलणारही नाही.

पठारावरचा:
ऊस राहू द्या बाजूला. पठार म्हणजे स्वर्ग, असं वाटत असेल तर तेही खरं नाही. वारं आहे, धूर टिकत नाही, कबूल. पण आमच्या शेजारी खडी क्रशर आहे. मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत कडब्याच्या गंजीवर पांढरा थर बसतो, म्हशी तो कडबा हुंगून सोडतात. वारं ज्या बाजूला त्या वस्तीचे हाल. जूनमध्ये चार सरी पडल्या की सगळं धुऊन निघतं.

चुलीपुढची:
धुऊन निघतं बाहेरचं. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून बघा घरात. सिलिंडर आहे, पण भरायला पैसे लागतात, म्हणून चहापुरता. चार जण हवेवर भांडताय, चुलीपुढे किती जण बसलात?

मांजराकाठचा:
ताई, बरोबर बोललात. मी बाहेरचाच धूर मोजत होतो.

पण ‘मोजत’ म्हणालो तेही चूकच. 2019 ला राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात मराठवाड्यातली संभाजीनगर, जालना, लातूर ही शहरं आहेत. कार्यक्रमाचा भर शहरांवर, आमच्या गावात हवा मोजायचं यंत्र नाही. आकडा नाही म्हणून हवा शुद्ध, आणि म्हाताऱ्यांचा खोकला थंडीच्या नावावर. माझा राग यावर आहे, गावावर नाही.

काळी माती:
आमच्या मंडळींचाही खोकला संक्रांतीपर्यंत जात नाही. थंडीचाच समजत होतो. असेल तुमचं खरं, थोडंफार.

पठारावरचा:
काका, पाचट ठेवून बघा. हेक्टरी आठ-दहा टन निघतं. कुट्टी करून सरीत दाबलं, वरून युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकलं की कुजतं. ओल टिकते, पाण्याची एखादी पाळी वाचते.

काळी माती:
खोडव्यात, तोडणीनंतर फुटलेल्या उसात, दोन एकर पाचट ठेवतो औंदा. कुट्टीचं यंत्र कुणाकडं असलं तर भाडं कळवा. पण उसाबद्दल बोललो त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.