वास सोडणारे प्राणी: तुमच्याकडचे अनुभव लिहा

कार्टूनमधला काळापांढरा स्कंक आपल्या सोलापुरात असतो का, असं पुतण्या विचारत होता. नसतो, तो अमेरिकेचा. आधी त्याला पाणमांजराच्या कुळात धरायचे, मग 1997 ला डीएनए बघून वेगळं कूळ मानलं, त्यात इंडोनेशिया-फिलिपिन्सचे स्टिंक बॅजर पण आले. वासावर जगणारे प्राणी आपल्याकडंपण आहेत आणि लोक त्यांना उगीच मारतात, मला फार वाईट वाटतं. म्हणून धागा काढलाय, लिहा.

कसब्यातली सून: आमच्या जुन्या वाड्यात माळ्यावर उदमांजर होतं. रात्री बासमती शिजल्यासारखा वास यायचा, सासूबाई म्हणायच्या शेजारी एवढ्या उशिरा भात कोण लावलंय गं. सकाळी पत्र्यावर विष्ठा, त्यात नुसत्या चिकूच्या बिया, धुतल्यासारख्या स्वच्छ. उंदीर मात्र कमी झालते, म्हणून आम्ही त्याला कधी हाकललं नाही.

सात रस्ता ते न्यू जर्सी: इथं परसात स्कंक येतो. तो लगेच फवारत नाही हो, आधी पुढचे पाय आपटतो, शेपूट वर करतो, म्हणजे सांगतो की बाबा लांब राहा. आमच्या कुत्र्याला ते कळलं नाही, फवारा तोंडावरच बसला. तीन मीटरपर्यंत नेम जातो त्याचा. वास गंधकाच्या संयुगांचा, टोमॅटोच्या रसानं जात नाही, नुसता झाकला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड, खायचा सोडा, थोडं भांड्याचं लिक्विड एकत्र करून धुतलं तेव्हा गेला. डोळ्यात जाऊ देऊ नका आणि उरलेलं बाटलीत बंद करून ठेवू नका, गॅस होऊन फुटते.

नान्नजचा: आमच्या माळावर मुंगूस लई. लहानपणी मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ म्हणत मागं पळायचो. ते स्कंकचं जवळचं नाही बरं का, मांजराच्या बाजूचं आहे. पेंटिंगच्या ब्रशसाठी त्याला मारतात, कायद्यानं बंदी आहे तरी. मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी दिला तर घेऊ नका.

मोहोळकर: ऊसतोड चालू असताना फडात जवादी मांजराची (उदमांजराच्याच कुळातलं) पिल्लं सापडली, डोळे पण उघडले नव्हते. टोळीतली पोरं बिबट्या बिबट्या ओरडूलालेत. मुकादमानं तेवढा तुकडा तोडायचा ठेवला, आम्ही वनविभागाच्या 1926 या नंबरला फोन लावला, तिथली माणसं म्हणाली हात लावू नका, आई येईल. रात्री येऊन एकेक करून नेली तिनं. उरलेला ऊस दुसऱ्या दिवशी तोडला.