काळा दोरा आणि लसीकरणाचं कार्ड

ताई, कॅनडात तुम्ही भाषा शिकायला जाता त्या वर्गाला जोडलेल्या पाळणाघराने बाळाच्या गळ्यातला दृष्टीचा दोरा काढायला सांगितला म्हणून तुम्ही दुखावलात, ते समजू शकतं. पण तो अपमान नाही. गळ्यातला दोरा घसरगुंडीच्या कडेला किंवा पाळण्याच्या गजाला अडकला की फास बसतो. मनगटातल्या काळ्या मण्यांचा दोरा तुटला तर मणी थेट तोंडात जातात. झबल्याच्या आतल्या शिवणीत काळ्या दोऱ्याचे दोन घट्ट टाके घाला, भावना जपली जाते. काजळाची तीट मात्र नको. काही काजळांत शिसं सापडलेलं आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे लसीकरणाचं कार्ड. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात. कॅनडात पहिल्या वाढदिवसाआधीचा गोवराचा डोस नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत. शिवाय आपल्या सरकारी लसीत गालगुंड नाही आणि कांजिण्यांची लस त्या वेळापत्रकातच नाही. म्हणजे कार्ड भरलेलं दिसलं तरी डोस बाकी असू शकतात. पाळणाघर सुरू व्हायच्या आधीच सार्वजनिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्या. तारखांचा घोळ तर हमखास होतो: ०५/०८/२०२३ म्हणजे ५ ऑगस्ट, पण तिथे कुणी ८ मे वाचेल. फॉर्मवर महिना अक्षरात लिहा.

आणि डब्यात द्राक्षं देताना उभी चिरून चार फोडी करा. आडव्या चकत्या गोलच राहतात, घशात बसतात.