ट्रेन सिम्युलेटरमधल्या स्क्रीनशॉटला ‘फोटो’ म्हणायचं का?

बाळे_आउटर
घरात भांडण झालंय, निवाडा तुम्ही करा.

परवा रात्री सिम्युलेटरवर, म्हणजे रेल्वे चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये, सेटल-कार्लाइल मार्ग चालवत होतो. इंग्लंडच्या उत्तरेतला, 1876 पासून प्रवासी गाड्या धावताहेत त्यावर. रिबलहेडचा 24 कमानींचा पूल आला. वाफेचं इंजिन होतं. गेम पॉज केला, कॅबमधून (इंजिनातली ड्रायव्हरची खोली) बाहेर पडलो, मोकळा कॅमेरा खाली माळावर नेला. पण धूर काही मनासारखा येईना. एकदा कमानींवरच लोळायचा, एकदा इंजिनच झाकून टाकायचा. पुन्हा मागे, पुन्हा चालू, पुन्हा पॉज. चाळीस मिनिटांनी एक चित्र जमलं. ‘इंग्लंडमधली पहाट, माझ्या नजरेतून’ असं खाली लिहून घरच्या ग्रुपवर आणि इथेही टाकलं.

आमचा चुलतभाऊ मोठा कॅमेरा बाळगतो, भिगवणला पहाटे जाऊन उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी टिपतो. त्याचं उत्तर आलं : “छान आहे. पण हा फोटो नाही, फोटोसारखं दिसणारं काहीतरी आहे.”

मी म्हणतो फोटोच आहे. कुठे उभं राहायचं, काय चौकटीत घ्यायचं, कधी बटण दाबायचं हे मीच ठरवलं ना? आणि खऱ्या रुळाशेजारी घुसून फोटो काढायचा म्हटलं तर रेल्वे कायद्याचं कलम 147 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पडणं हीच मुळात शिक्षा. घरात पंख्याखाली बसून मी इंग्लंडातलं धुकं टिपतो, तर कुणाचं काय बिघडलं?

पार्कचौक
पंख्याखाली तू बसलास, लॅपटॉपचं काय बे? आमचा तर मे महिन्यात सुरू केला की त्यावर भाकरी कडक होते.

भिगवणचा_बगळा
चुलतभावाच्या बाजूने. फोटोत एक गोष्ट असते जी तुमच्या हातात नसते. मी जेऊरच्या अलीकडे परवानगीच्या जागेत, रस्त्यावर उभा होतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेस उशिरा आली, उजेड वर चढला, आणि नेमकी तेव्हा एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन फाटकाजवळ आली. गाडीचा फोटो फसला, म्हातारीचा आला. तुमच्या गेममध्ये म्हातारी येईल का? ती कुणीतरी तिथे ठेवलेली असेल तरच येईल.

आणि उजेडाचं तर बोलूच नका. तुम्ही घड्याळ मागेपुढे सरकवता. सहा वाजवायचे म्हटलं की सहा वाजतात.

बाळे_आउटर
सरकवतो. तुम्ही पण घरी जाऊन सावल्या उचलता, आभाळ गडद करता, मधला विजेचा खांब पुसता. खांब पुसला नाही असं छातीवर हात ठेवून सांगा.

भिगवणचा_बगळा
एकदा पुसला होता. लाज वाटली म्हणून ते चित्र कुणाला दाखवलं नाही.

फक्त_कॅबकॅमेरा
माझा आक्षेप वेगळा. सिम्युलेटर हे गाडी चालवायला असतं. वेळापत्रक, ब्रेकचा दाब, चढ-उतार, वेगमर्यादा. मधेच पॉज करून ड्रोनसारखं उडत फिरायचं तर मग गाडी कशाला हवी, निसर्गचित्रं बघा की. मी 1 चं बटण, म्हणजे कॅबमधला कॅमेरा, सोडून दुसरा लावत नाही. गंमत घाटात असते. 37 ला 1 चा चढ, कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लागतात, तसलं काही चालवा मग कळेल. सपाटीवर काय, फोटो काढा नाहीतर झोपा.

पार्कचौक
घाटाचं कौतुक आम्हाला नको सांगू. सोलापूरला गाडी 1860 ला आली, बोरघाट सुरू झाला 1863 ला. तीन वर्षं घाटावाचून चाललंच होतं आमचं.

रिटायर्ड_लोको
नातवाने हा धागा दाखवला, म्हणून लिहितो. मी सोलापूर विभागात आधी सहायक, मग लोको पायलट होतो. आधी डिझेल, शेवटची काही वर्षं विजेचं.

तुमची चित्रं सुंदर असतात, नाही म्हणत नाही. पण गाडी ज्याने चालवली त्याला ते दृश्य दिसत नाही. आम्हाला काय दिसतं? रूळ, सिग्नल, फाटक, गुरं. सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्याने म्हणायचं, “हिरवा”, “हिरवा”. रात्री वाशिंबे, केम कधी गेलं ते स्टेशनाच्या दिव्यावरून कळतं. इतकी वर्षं मी माझ्या गाडीचा फोटो लांबून कसा दिसतो ते पाहिलं नाही. मग ‘मी गाडी चालवताना काढलेला फोटो’ असं लिहिता, त्यात तुम्ही नक्की कुठे आहात? कॅबमध्ये की माळावर? एकाच वेळी दोन्हीकडे असणारा माणूस मला विश्वासाचा वाटत नाही.

उजनी_बॅकवॉटर
काका, एक विचारते. वळणावर तुम्ही खिडकीतून मागे बघता ना?

रिटायर्ड_लोको
बघतो. बघावंच लागतं. पण सुंदर दिसते म्हणून नाही बाळ. ब्रेक धरून बसलाय का, चाकाशी धूर निघतोय का, मागचे सगळे डबे येताहेत का, हे पाहायला.

उजनी_बॅकवॉटर
म्हणजे दिसते तर खरी.

आता मूळ मुद्द्यावर. मी ओपन रेल्स या सिम्युलेटरवर होटगी ते सोलापूर असा पंधराएक किलोमीटरचा मार्ग बनवतेय, त्यामुळे मला दोन्ही बाजूंचा राग आहे.

सगळ्यांचे स्क्रीनशॉट पूल, बर्फ आणि डोंगराचेच का असतात माहीत आहे? डोंगर गेमची लबाडी झाकतो. समोर कडा उभा राहिला की पलीकडचं काही दाखवावंच लागत नाही. आपल्याकडे माळ आहे. क्षितिजापर्यंत उघडं. गेम ठरावीक अंतरापुढची झाडं दाखवत नाही, त्यामुळे गाडी पुढे सरकते तशा बाभळी जमिनीतून डोकं वर काढतात. लांबचं झाड म्हणजे फुलीसारखे उभे केलेले दोन पुठ्ठे. जमिनीच्या उंचीची माहिती उपग्रहाच्या मोजणीतून मिळते, पण रुळाचा भराव, ओढ्याची मोरी, विहिरीचा कठडा त्यात नसतो, तो हाताने घालायचा. एका मोरीला मला दोन रविवार लागले. सपाट प्रदेश ‘सोपा’ म्हणणाऱ्याने एकदा करून बघावा.

म्हणून बाळे_आउटर, तुला विचारते. रिबलहेडखालचं ते गवत, ती दगडी कुंपणाची भिंत कुणी तिथे ठेवली? तू चाळीस मिनिटं दिलीस, त्याने महिने दिले असतील. तुझ्या चित्राखाली तुझं नाव आहे, त्याचं नाही.

बाळे_आउटर
ताई, असं असेल तर सिद्धेश्वराच्या देवळाचा फोटो काढणाऱ्याने पाथरवटाचं नाव लिहायचं का?

उजनी_बॅकवॉटर
पाथरवट सापडत नाही म्हणून सुटतोस. इथे मार्ग बनवणारे कोण ते गेमच्या पानावर लिहिलेलं असतं. निदान मार्गाचं आणि गेमचं नाव तरी टाक. ‘इंग्लंडमधली पहाट, माझ्या नजरेतून’ काय रे?

बाळे_आउटर
ते जरा जास्त झालं. बदलतो.

पण फोटो नाही हे अजून मान्य नाही.

फक्त_कॅबकॅमेरा
मला वाटतं याने एक गडबडपण केलीय. काल टाकलेलं दुसरं चित्र बघा. मागून, डब्यांच्या कडेने घेतलंय, इंजिन वळणावर पुढे निघून गेलंय. सिग्नल लाल! लाल सिग्नल ओलांडून गेलेल्या गाडीचे फोटो काढतोय हा. कॅबमध्ये असतास तर ही वेळ आली नसती.

पार्कचौक
हाहा. नोकरी गेली बे तुझी.

रिटायर्ड_लोको
नाही, नोकरी जात नाही. तो सिग्नल लालच असायला हवा. इंजिनाचं पहिलं चाक सिग्नलपुढच्या रुळातल्या विजेच्या सर्किटवर गेलं की दिव्यांचा सिग्नल आपोआप लाल पडतो, म्हणजे मागून दुसरी गाडी येऊ नये. गेम बनवणाऱ्याने ते बरोबर दाखवलंय. कॅबमधून खेळणाऱ्या साहेबांना हे ठाऊक नसणं साहजिक आहे, कारण कॅबमधून ते दिसतच नाही. आम्ही हिरवा घेऊन पुढे गेलेलो असतो. तो लाल होतो आमच्या पाठीमागे. गार्डाची व्हॅन तिथून जाते तेव्हाही तो लालच असतो.

मी ते चित्र नातवाकडून मोठं करून घेतलं. इंजिन पुढे, डबे अजून वळणात, आणि मधे तो लाल दिवा.

बाळे_आउटर, तशीच जागा होटगीच्या बाहेर आहे. ताईंचा मार्ग तयार झाला की तिथे मागून एक काढा. पहाटेचा नको. रात्रीचा काढा, मी बहुतेक रात्रीच जायचो.

उजनी_बॅकवॉटर
काका, तो सिग्नल वळणाच्या आधी की वळण संपल्यावर? माझ्याकडे तिथे नुसता माळ आहे.