मुक्ती, सुटका की विमोचन?

शब्दवेडी:
एका अनुवादात चार दिवस अडकले आहे. लेख एस्टोनियातल्या टॅलिनच्या एका पुतळ्यावर आहे. मान खाली घातलेला, शिरस्त्राण हातात धरलेला ब्राँझचा सोव्हिएत सैनिक. 1947 साली बसवला तेव्हा त्याचं नाव होतं 'टॅलिनच्या मुक्तिदात्यांचं स्मारक'. एप्रिल 2007 मध्ये सरकारने तो भर शहरातून उचलून लष्करी दफनभूमीत नेला. दंगल उसळली, एक जण दगावला, पाठोपाठ बँकांच्या आणि सरकारी संकेतस्थळांवर हल्ले. तिथले बरेच रशियन भाषक म्हणतात, 22 सप्टेंबर 1944 ला लाल सेनेने शहर नाझींच्या हातून सोडवलं. एस्टोनियन म्हणतात, नाझी गेले आणि 1940 चा जुना सोव्हिएत अंमल परत आला.

मी सगळीकडे 'मुक्ती' लिहिलं. संपादकांचा शेरा आला: मुक्ती म्हटलं की तुम्ही बाजू घेता, शिवाय मोक्षासारखं वाटतं, 'सुटका' करा. 'टॅलिनची सुटका' वाचून मला कड्यावर अडकलेले गिर्यारोहक दिसतात. आणि दुसऱ्या बाजूच्या शब्दाला काय? ताबा की कब्जा?

जुना खडू:
ताई, 'मुक्तता' बघा. कोरडा शब्द आहे, मोक्ष आठवत नाही.

शब्दवेडी:
सर, 'निर्दोष मुक्तता' आठवते त्याचं काय करू?

निर्भेळ:
ताबा आणि कब्जा दोन्ही अरबी. आपल्याकडे 'पाकव्याप्त काश्मीर' रोज छापलं जातं. त्याच चालीवर 'सोव्हिएतव्याप्त एस्टोनिया' करा. मुक्तीला 'विमोचन'. आणि ब्राँझ कशाला, कांस्य म्हणा.

तळटीप:
विमोचन हिंदीत पुस्तकांचं होतं. शहराच्या विमोचनाला पाहुणे कोण बोलवायचे?

निर्भेळ:
हसा. 1954 साली पुण्यात 'गोवा विमोचन सहायक समिती' निघाली होती. शब्द आपला होता, आपणच टाकला.

म्हापशेकर:
समितीचं खरं आहे. पण आमच्याकडे आता विमोचन कुणी म्हणत नाही, 19 डिसेंबरला मुक्ती दिनच. शेजारी पोर्तुगीज कचेरीतले एक जुने कारकून राहायचे. ते कायम 'भारतीय आयले तेन्ना' एवढंच म्हणत. ना मुक्ती, ना ताबा. लिस्बनच्या लेखी ते आक्रमणच होतं. 18 डिसेंबर 1961 ला सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव पाश्चात्त्यांनी आणला. 7 बाजूने, 4 विरुद्ध, आणि तो पडला सोव्हिएत नकाराधिकारामुळे. म्हणजे आमच्या मुक्तीला मॉस्कोचाही हातभार आहे. या शब्दाबाबत मी तटस्थ नाही, आधीच सांगून ठेवतो.

गोदाकाठचा:
आमचा मुक्ती दिन 17 सप्टेंबरचा, मराठवाड्याचा. पण आजी शेवटपर्यंत 'ॲक्शन' म्हणायची. "तुझा मोठा काका ॲक्शनच्या सालचा." पोलीस ॲक्शन! रणगाडे घेऊन कुठले पोलीस येतात? म्हणून 24 फेब्रुवारी 2022 ला पुतिन यांनी युक्रेनवरच्या हल्ल्याला 'विशेष लष्करी कारवाई' म्हटलं तेव्हा मला आजीच आठवली. त्यांनी निदान लष्करी तरी म्हटलं.
अवांतर: 17 सप्टेंबर हीच तारीख 1939 ला लाल सेना पूर्व पोलंडमध्ये घुसली तिची. सोव्हिएत इतिहासात तिलाही 'मुक्तिमोहीम'च म्हणत.

जुना खडू:
तारीख जुळली म्हणून गोष्ट जुळत नाही. रझाकारांनी गावं जाळली होती. पोलंडने कुणाचं काय जाळलं होतं? त्याआधी जेमतेम महिनाभर, 23 ऑगस्टला, मॉस्को आणि बर्लिनने अनाक्रमण कराराच्या गुप्त कलमांत वाटणी करून ठेवली होती. ती कलमं सोव्हिएत संसदेने स्वतः 1989 मध्ये निषेधून रद्दबातल ठरवली.

गोदाकाठचा:
काका, मी गोष्ट जुळवत नाही, शब्द जुळवतोय. आजीला रझाकार माहीत होते, म्हणून तिला ॲक्शन पुरत होती. मुक्ती आम्ही शाळेत शिकलो.

निर्भेळ:
'कारवाई' फारसी आहे, हे जाता जाता.

व्होल्गाकाठ:
ऐंशीच्या दशकात तिकडे शिकलो, म्हणून दोन पैसे माझेही. मूळ रशियन शब्द 'अस्वबझ्देनिये', 'स्वबोदा'पासून आला, म्हणजे स्वातंत्र्य. त्यातला 'स्व' आपलाच! माझी खात्री आहे की तो 'स्वबोध' आहे.

तळटीप:
'स्व'पर्यंत मान्य, सगेच आहेत. 'बोध' तुमचा. असंच पुढे गेलात तर सैबेरियात शिबिर भरेल.

व्होल्गाकाठ:
शिबिर आहेच की. बरं, राहू दे. पण त्यांचा सुरक्षेचा शब्द पाहा: 'बिझअपास्नस्त'. 'बेझ' म्हणजे विना, 'अपास्नस्त' म्हणजे धोका. अगदी आपलं 'बिनधोक'. सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबी म्हणजे राज्य बिनधोक समिती! डिसेंबर 2021 मध्ये त्यांनी नाटोकडे हमी मागितली ती सुरक्षेची नव्हे, बिनधोकपणाची. शेजारी काडी पेटली तरी धोका आहेच, मग बिनधोक कधीच होता येत नाही. सगळं भांडण या शब्दात आहे.

तळटीप:
इंग्रजी 'सिक्युरिटी'च्या पोटातलं लॅटिन काढलंत तर तिथेही 'विना'च आहे: विना काळजी. ते बिनधोक, हे बिनघोर. कुणालाच झोप नाही.

म्हापशेकर:
बिनधोक-बिनघोर झकास! पण भांडण शब्दात नाही, वाक्यात आहे. युरोपच्या सुरक्षेवरच्या 1999 च्या इस्तंबूलच्या सनदेत एकाच परिच्छेदात दोन गोष्टी आहेत: कुठल्या गटात जायचं ते प्रत्येक देशाने ठरवावं, आणि कुणी दुसऱ्याच्या सुरक्षेच्या जिवावर आपली वाढवू नये. पश्चिम पहिलं वाक्य वाचते, मॉस्को दुसरं. दोघांच्या सह्या दोन्हींवर.

जुना खडू:
आणि युक्रेनच्या सुरक्षेच्या जिवावर कोण उठलं, ते कुठल्या वाक्यात बसवायचं?

म्हापशेकर:
तिथे मी तुमच्याच बाजूचा, मास्तर. फक्त त्यांना कुठली ओळ तोंडपाठ आहे ते सांगितलं.

शब्दवेडी:
मंडळी, पुतळा! उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय. सध्या असं केलंय: रशियन भाषकांच्या तोंडी 'मुक्ती', एस्टोनियनांच्या तोंडी 'ताबा', निवेदनात 'लाल सेना शहरात शिरली'.

निर्भेळ:
'शिरली' तर चोराला वापरतात.

गोदाकाठचा:
पाणी पण घरात शिरतं. 'आली' म्हणा. 'भारतीय आयले'सारखं.

तळटीप:
त्याआधी गावाचं नाव बघा. 'टॅलिन' चूक. 'टाल्लिन्न', शेवटी दोन न. तिथल्या बोलीत 'तानी लिन्न', डेनिश लोकांचा किल्ला. 1219 मध्ये डेन्मार्कच्या राजाने घेतला.

जुना खडू:
घेतला म्हणजे? मुक्त केला की ताब्यात घेतला?

व्होल्गाकाठ:
आमच्या रशियन वह्यांत एकच न असायचा. मॉस्को अजून एकच लिहितं, टॅलिनमधली रशियन वर्तमानपत्रं दोन.

शब्दवेडी:
ठीक, दोन न करते. आता 'मुक्ती'चं कुणीतरी सांगा.