घडाघडा वाचतो, पण समजत नाही

पारोळ्याची आई: मुलगा तिसरीत. वाचतो असा की जणू रेल्वेच सुटली. काल धड्यात होतं, "आजीने पडवीत जाते मांडले." न अडखळता वाचलं. विचारलं, आजीने काय केलं? म्हणे, "पडवीत गेली." घरात घट्या आहे हो! पण आम्ही अहिराणी बोलतो, जात्याला घट्याच म्हणतो; 'जातं' त्याच्या कानावरच नाही. शिकवणीच्या बाई म्हणतात, अजून वाचून घ्या. आणखी किती?

निवृत्त गुरुजी, चोपडा: ताई, वाचनाचे अभ्यासक गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलं होतं: आकलन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य तर सगळंच शून्य. धडा तुम्हीच वाचून दाखवा. ऐकून कळला तर अडचण वाचनात, ऐकूनही नाही कळला तर शब्दांत.

केळीवाला, रावेर: आमच्या पोरीचं उलटं. ऐकलेली गोष्ट मीठमसाला लावून सांगायची, पुस्तकात मात्र जोडाक्षरापाशी गाडी अडायची.

पारोळ्याची आई: गुरुजी, वाचून दाखवलं. तरी "पडवीत गेली"च! मग घट्याशी नेलं, खुंटा हातात दिला. म्हणे, "मंग घट्या म्हन ना, माय!"